अस्तर

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळच ती. 'त्या वेळी तू ते औषध आईला दिलं असतंस, तर ती वाचली असती का?' वर मायना नाही, खाली सही नाही. अक्षर मात्र तुझंच, पुढे पळत सुटलेलं.

फोन केला तर तू उचलणार नाहीस, म्हणून मीही कागद घेतला. आधी वाटलं, आपणही एका ओळीत उत्तर द्यावं. जमलं नाही.

दवाखान्याच्या त्या लांबलचक बोळात तू माझं मनगट धरलं होतंस, ते मी विसरलेली नाही. आत ताई पडलेली. आतड्यांची सूज हाताबाहेर गेलेली, रक्त थांबत नव्हतं, आणि डॉक्टरांच्या सगळ्या औषधांनी हात टेकले होते. "तुझ्या फ्रिजमध्ये आहे ना ते?" तू विचारलंस. मी म्हटलं, "आहे." "मग?" म्हटलं, "उंदरांपलीकडे अजून कुणाला दिलेलं नाही." त्यावर तू म्हणालीस, "मग आईला उंदीर समज." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. दिवसकार्याला आलेल्या लोकांना तू पाणी दिलंस, मला वगळून. ते योग्यच होतं असं मी म्हणत नाही, पण मला समजलं होतं.

ते औषध म्हणजे काय हे तेव्हा तुला कुणी धड सांगितलं नव्हतं. आतड्याच्या आतल्या बाजूला एक नाजूक अस्तर असतं, आणि त्याची राखण करायला शरीर स्वतःच प्रथिनांचे बारीक बारीक तुकडे तयार करतं. पेप्टाइड म्हणतात त्यांना. अस्तराला चीर गेली की ते तिथे धावतात, पेशींना एकमेकींना धरून ठेवायला लावतात, चीर मिटवतात. ताईसारख्या आजारात ही राखण कमी पडते. आम्ही त्यातलंच एक पेप्टाइड प्रयोगशाळेत बनवत होतो. तू गोदीत टाक्यांची गळती शोधतेस ना, तसंच माझं काम, फक्त टाकी ओली आणि जिवंत.

आता दुसरी गोष्ट. ही मी भावोजींनाही नीट सांगितलेली नाही. आजारपणाच्या सुरुवातीला दुर्बिणीने तपासताना ताईच्या आतड्याचे चिमूटभर तुकडे काढले होते. ताईने आपणहून आमच्या प्रयोगशाळेला दिले. "घेऊन जा, एवढं तरी कामाला येऊ दे," म्हणाली. त्या तुकड्यांतल्या पेशींपासून आम्ही लहान लहान आतडी वाढवली. मोहरीच्या दाण्याहून लहान, पोकळ, गोल. उबदार कपाटात ठेवायची, एक दिवसाआड खाऊ घालायचं, की ती वाढत राहतात.

ठकू, ती अजून वाढताहेत.

मीच घालते खाऊ. दुसऱ्या कुणाला घालू देत नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, एकदोनदा म्हणाल्या, की हे काम आता नव्या मुलींकडे द्या. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कपाटाचं दार उघडलं की आतून कोमट वाफ चेहऱ्यावर येते, अगदी कुणीतरी जवळ येऊन श्वास सोडल्यासारखी. तिथे मी कधी कधी बोलते. काय बोलते ते लिहीत नाही, तू हसशील.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या पेशी देऊ शकतात. त्या वेळच्या औषधाच्या काही कुप्या डीप फ्रीझरमध्ये अजून आहेत. ही चाचणी मी कधीच करू शकले असते. केली नाही. आता करते.

इतक्या वर्षांनी हे आत्ताच का विचारलंस, तेवढं मात्र कळव.

तुझी,
मावशी


१ मार्च

प्रिय ठकू,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, चाचणी झाली आहे, ती सांगते.

ताईच्या लहान आतड्यांच्या तीन डिश घेतल्या. पहिलीला काहीच केलं नाही. दुसरीत सूज आणणारं रसायन घातलं. तिसरीत तेच रसायन आणि जोडीला तेव्हाचं औषध. मग तिन्हींत बाहेरून एक हिरवा रंग सोडला, अंधारात चमकणारा. अस्तर फाटलेलं असेल तर रंग आत शिरतो आणि तो गोळा दिव्यासारखा पेटतो. अस्तर शाबूत असेल तर आत काळोख राहतो.

औषधाने काही फरक पडला नाही. दुसरी आणि तिसरी डिश सारख्याच पेटल्या.

तेव्हा तो काटा आता मनातून काढून टाक. दिलं असतं तरी ताई गेलीच असती. तुला वाटत होतं ते बरोबर नव्हतं आणि मला वाटत होतं तेही नव्हतं. कुणाचाच दोष नाही.

इकडे सगळं ठीक. माझा डावा गुडघा कुरकुरतो. भावोजींनी दुकान पुन्हा उघडलं आहे असं ऐकलं. चष्मे त्यांना नीट बसवता येत नाहीत, गिऱ्हाइकं ताईची आठवण काढत परत जातात म्हणे. तू जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझी,
मावशी


२६ मार्च

प्रिय ठकू,

काल भावोजींचा फोन आला. ते फोन करत नाहीत, हे तुला माहीत आहे. मला वाटलं दुकानाबद्दल काही असेल. बराच वेळ हवापाण्याचंच बोलत राहिले. मी विचारलं, "भावोजी, काय झालं?" तर म्हणाले, "ठकूला तेच झालंय."

मग सगळं सांगितलं. गेल्या पावसाळ्यापासून तुझं पोट दुखतंय, रक्त जातंय, तू कपडे दोन मापांनी लहान घेतलेस. तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं देऊन पाहिली, दोन्ही टिकली नाहीत. आता त्यांच्याकडे नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, तुझं नाव त्यांनी सुचवलं, आणि ते औषध आमचंच आहे. नव्या रूपातलं. तू डिसेंबर-जानेवारीभर विचार केलास, मग मला ती एक ओळ लिहिलीस. आणि माझं दुसरं पत्र वाचून डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून आलीस. भावोजींना म्हणालीस, "आईच्या पेशींवर चाललं नाही, माझ्यावर काय चालणार? तिचंच आतडं घेऊन आलेय मी."

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहिले. किटलीतलं पाणी उकळून उकळून संपलं, करपल्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

ठकू, मी खोटं लिहिलं होतं.

दुसरी डिश पेटली. एकूण एक गोळा हिरवागार. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दिवे बंद असतात, माझ्या हातांवर, कोटावर तो उजेड पडला होता. मग मी तिसरी डिश भिंगाखाली सरकवली आणि मला काहीच दिसेना. वाटलं डिश नीट बसली नाही. पुन्हा बसवली. मग वाटलं रंग घालायला विसरले. रंग होता, बाहेर सगळीकडे होता. फक्त आत शिरला नव्हता. काळे गोल, आत ठार काळोख, एकाची कड तेवढी किंचित फाटलेली. त्या औषधाने ताईचं अस्तर धरून ठेवलं होतं. मी चाचणी पुन्हा केली, नव्याने वाढवलेल्या गोळ्यांवर. पुन्हा काळोख. इतकी वर्षं ज्या उत्तराला घाबरून मी ही चाचणी टाळली, तेच.

माझा चष्मा घसरला. हे वाचून मला वेड लागलंय असं म्हण, पण ताई गेल्यापासून चष्मा घसरला की तो कुणीतरी एका बोटाने वर सरकवल्यासारखं वाटतं, तिची सवय होती ना, गिऱ्हाइकाचा असो की आपला. त्या दिवशी चष्मा नाकाच्या शेंड्यावर तसाच राहिला. कुणी सरकवला नाही.

घरी येऊन तुला ते पत्र लिहिलं. मला वाटलं, मेलेलं माणूस काही परत येत नाही, मग जिवंत आहेत त्या दोघींनी तरी सुखाने झोपावं. दोघी म्हणजे तू आणि मी. खरं तर मीच. तू आजारी आहेस हे मला माहीत नव्हतं, ही सबब खरी आहे आणि तिचा काही उपयोग नाही.

आता नीट वाच. जे लिहिते त्यातला शब्दन् शब्द मी कुणासमोरही म्हणायला तयार आहे.

डिश म्हणजे शरीर नव्हे. तेव्हाचं औषध तोंडाने घेतलं असतं तर पोटातल्या आम्लाने बहुधा त्याचे तुकडे केले असते. सुईने दिलं असतं तर काय झालं असतं, कुणाला ठाऊक नव्हतं. ते तिला मारूही शकलं असतं. म्हणून दिलं नाही आणि आजही, तेव्हा जे माहीत होतं तेवढंच माहीत असतं, तर दिलं नसतं. पण तू विचारलंस वाचली असती का, तर उत्तर असं आहे: कदाचित. हो. कदाचित वाचली असती.

ताईने ते माझ्याकडे कधी मागितलं नाही. मी रोज तिच्या उशाशी बसायचे आणि वाट पाहायचे, आज मागेल, आज मागेल. ती मला शेजारणीच्या कुत्र्याचे किस्से सांगायची. मागितलं असतं तर काय केलं असतं, याचं उत्तर कुठल्याच डिशमध्ये नाही.

नवं औषध वेगळं आहे. तेच पेप्टाइड, पण त्यावर असं आवरण चढवलंय की ते पोटातून धड निघून आतड्यातच सुटतं. माणसांना दिलेलं आहे, त्रास होतो का ते पाहून झालंय. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. तुला येईलच असं मी म्हणत नाही. पण ज्या आतड्याला तू 'आईचंच' म्हणतेस, त्याच्यावर ते चाललं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

डॉक्टरीणबाईंकडे परत जा. मला शिव्या दे, पत्र फाड, पण जा.

मावशी


१५ एप्रिल

प्रिय ठकू,

तुझ्या चार ओळी आल्या. 'सही केली. पुढच्या आठवड्यात पहिली मात्रा. तुझ्यासाठी नाही, बाबांसाठी. पुन्हा माझ्या भल्यासाठी माझ्याशी खोटं बोलू नकोस.'

बोलणार नाही.

मोठ्या बाईंना मी सगळं सांगितलं, तुझं नाव, आपलं नातं. तू चाचणीत आहेस म्हटल्यावर त्या औषधाच्या कुठल्याच कागदाला माझा हात लागता कामा नये. त्यांनी मला त्या कामातून लगेच बाजूला केलं. तेव्हा तुझं कसं चाललंय ते मला तूच सांगितलंस तर कळेल, नाहीतर नाही. मी विचारणार नाही.

ताईच्या पेशी मात्र माझ्याकडेच आहेत. मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. कुठलंही रसायन न घालता, नुसत्या ठेवलेल्या ताईच्या गोळ्यांतही रंग थोडा झिरपतो. धडधाकट माणसाच्या पेशींत झिरपत नाही. आमच्याकडे याला सुजेची आठवण म्हणतात. इथे त्यांना काही त्रास नाही, जंतू नाहीत, ऊब आहे, पोटभर खायला आहे, तरी त्या सावध असतात. ज्या शरीरात आग लागली होती ते शरीर केव्हाच गेलं, त्या पेशींच्याही कितीतरी पिढ्या उलटल्या. आत्ता आहेत त्यांनी ती आग पाहिलेलीसुद्धा नाही. तरी त्या दचकलेल्याच.

हे कळल्यापासून माझं घरात लक्ष लागत नाही. दुपारी खुर्चीत डोळा लागतो आणि दार वाजल्यासारखं होऊन जाग येते. कुणी नसतं.

डॉक्टरीणबाईंनी बाकीची औषधं चालू ठेवायला सांगितली असतील तर ती बंद करू नकोस.

तुझी,
मावशी


८ सप्टेंबर

प्रिय ठकू,

दुर्बिणीचे फोटो पाहिले. भावोजींनी फोनवर पाठवले, उलटे. मग सुलटे करून पाठवले, तर अर्धे कापले गेले. शेवटी मीच फोन तिरका धरून पाहिले.

मार्चमधल्या फोटोत जिथे व्रण होते, लालभडक, खरवडल्यासारखे, तिथे आता गुलाबी कातडं आलंय. दोन जागा उरल्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच मीही म्हणेन: बरं आहे, पण बरी झालीस असं नाही. जवळजवळ पाच महिने मी जे विचारलं नाही त्याचं उत्तर असं आलं.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. झालाही. पण ते फोटो पाहताना माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, हे असंच तिचंही दिसलं असतं. तुझी गुलाबी कातडी बघते आणि तिची, कधीच न आलेली, दिसते. तुझ्या चांगल्या बातमीच्या पत्रात हे लिहू नये. पण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

तू ताईच्या पेशी पाहायला येईन म्हणतेस. ये. कुठल्याही दिवशी ये.

तुझी,
मावशी


२० नोव्हेंबर

प्रिय ठकू,

तू जाऊन आठवडा झाला. त्या दिवशी जे घडलं ते तुला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण त्यातलं काही मी तुला बोलले नाही.

तू गोदीतले जाड बूट घालून आलीस. वर पातळ निळे मोजे चढवायला दिले, ते दोन्ही फाटले. तू म्हणालीस, "तुझी प्रयोगशाळा टीचभर पायांसाठी आहे." इतक्या वर्षांनी तुझं हसणं ऐकलं आणि माझ्या हातातलं झाकण पडलं. ताई तशीच हसायची, आधी नाकातून. तुला झाकण निसटलं एवढंच म्हटलं.

तू भिंगावर वाकलीस.

"ही आई?"

"तिच्या आतड्याचं अस्तर."

"हलतात का?"

"फुगतात, मिटतात. फार सावकाश. बघत राहून दिसत नाही."

तू आणखी थोडा वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "मावशी, ही आई नाहीये." चिडून नाही, गळती नाही असं सांगावं तसं. मला ते पटतं. डोक्याला पटतं. तू नळाशी हात धूत होतीस तेव्हा मी कपाटाचं दार लावताना हळूच 'येते गं' म्हटलं, तेही लिहून टाकते.

मग कॅन्टीनमध्ये बसलो. तू फिका चहा मागवलास, मला वाटलं पथ्य असेल, तर म्हणालीस तुला तसाच आवडतो. मला तेही माहीत नव्हतं.

तू म्हणालीस, "मी तुझ्या जागी असते तर दिलं असतं."

"माहीत आहे."

"आणि त्यानेच ती गेली असती तर?"

उत्तर देणं माझं काम नव्हतं. तू कप बशीत फिरवत राहिलीस आणि म्हणालीस, "तर ही पत्रं मी लिहीत बसले असते. तुला." आणि लगेच, "माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पण पुढच्या दुर्बिणीला बाबा नकोत मला. ते बाहेर बसून रडतात, मग मलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागतं. तू ये."

मी नुसती मान हलवली. तुला कदाचित मी कोरडी वाटले असेन.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे तुकडे आले. सप्टेंबरच्या तपासणीतले, तू चाचणीला दिलेले, तेव्हापासून गोठवून ठेवलेले. आम्हाला नाव कळू नये म्हणून डबीवर फक्त आकडा असतो. पण तुझ्या डॉक्टरीणबाईंकडून या खेपेला एकच डबी आली, आणि मोठ्या बाईंनी ती माझ्या टेबलावर ठेवली नाही, दुसरीकडे दिली. त्यावरून ओळखलं. हे तुझ्या औषधाचं काम आहे, मी त्याला जाणूनबुजून हात लावलेला नाही आणि लावणार नाही. ज्या मुलीकडे ते दिलंय तिने पेशी सुट्या केल्या, डिशमध्ये घातल्या आणि कपाटात ठेवल्या. कपाट आमच्याकडे एकच आहे. जागा वरच्या फळीवर होती, तिथेच ठेवल्या, ताईच्या डिशला लागून; आठवडाभरात त्यांचेही गोळे झाले.

मघाशी ताईला खाऊ घालायला दार उघडलं. कोमट वाफ आली. समोर दोन झाकणं, दोन आकडे. सवयीने डिश उचलली, भिंगाखाली ठेवली, आणि पाहता पाहता थबकले, कारण मला ओळखू येईना. तेच गोल, तीच नाजूक कड. झाकण पुन्हा पाहावं लागलं. तुझी होती. मी ती जशीच्या तशी जागेवर ठेवली, हात पुसले, आणि कपाटाचं दार लावून बाहेर येऊन उभी राहिले.

उद्यापासून ताईच्या पेशींचं काम त्या मुलीकडेच द्यायला मी मोठ्या बाईंना सांगितलं आहे. ती सांभाळून करते.

दुर्बिणीची तारीख कळव. मी आदल्या दिवशीच येईन, आणि बाहेर बसायचं असेल तिथे बसेन.

तुझी,
मावशी